एक कोयता म्हणजे दोन माणसं

दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांची बोलणी चालतात. ‘औंदा किती कोयते?’ ‘वीस.’ म्हणजे चाळीस माणसं. पोरंबाळं मोजायचीच नाहीत. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते आणि खाडा झाला की कापली जाते तीही जोडीच्याच हिशोबातून. एकटा गडी किंवा एकटी बाई निघाली, तर ती ‘अर्धा कोयता’.

शब्द मुळात हत्याराचा. कन्नडात ‘कोय्यु’ म्हणजे कापणं, तेलुगूत ‘कोयु’. कोयता त्याच द्राविडी कुळातला मानतात. साधनावरून माणसं मोजायची रीत मराठीत जुनी आहे. ‘पाच हजार घोडा’ म्हणजे तितके स्वार. पण घोड्यामागे स्वार तरी एक असे, इथे एका नावाखाली दोघं. गडी ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. उचलीचे पैसे मात्र बहुधा नवऱ्याच्या हाती पडतात. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहावरच्या 1954च्या ग्रंथात दाखवलं, की माणसाला चिकटलेलं एखादं ठळक नाव त्याचं बाकी सगळं झाकून टाकतं. कोयता या नावाखाली बाईचं निम्मं काम असंच झाकलं जातं.

‘टोळी’चंही तसंच. वडवणीत टोळी म्हणजे सहा महिने एकत्र राबणारी, शेजारी शेजारी कोप्या घालून राहणारी माणसं. पुण्याच्या वर्तमानपत्रात मात्र टोळी असते चोरांची, आणि अलीकडे कोयते घेऊन दहशत माजवणारी ‘कोयता गँग’. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलने ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे क्षुल्लक कारणावरून गट पाडले होते. तेवढ्यानेही मुलांनी पैसे वाटताना आपल्या गटाला झुकतं माप दिलं. 1970 साली छापलेला हा प्रयोग मला इथे फार जवळचा वाटतो. टोळीत राहणाऱ्याला ती आपली माणसं, बातमीत वाचणाऱ्याला ती धास्ती. आणि ज्याने ऊसतोड पाहिलीच नाही, त्याच्या मनात ‘कोयता’ म्हटल्याबरोबर दुसरंच चित्र उभं राहतं. आपण म्हणतो, ‘ग्रह करून घेतला’. ग्रह म्हणजे धरणं. पाहण्याआधीच धरून ठेवलेला तो पूर्वग्रह.

‘पोराच्या हातात कोयता नको’ हे वाक्य दोन्हीकडे ऐकू येतं. शहरात ते पोलिसांच्या भीतीचं असतं. वडवणीच्या आईचं म्हणणं एवढंच, की पोरगं शिकावं, हंगामात तिच्यामागे फडात येऊ नये. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने 2021मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृह योजना आणली, ती याच कारणासाठी: आईबाप कारखान्यावर गेले तरी मुलाची शाळा चालू राहावी.