बेर-शेवा आणि दिमोना

नेगेवमधील या दोन नगरांत अंतर सुमारे 35 किलोमीटरच. वयाचे मात्र फार मोठे. बेर-शेवाची विहीर आब्राहामाची, तर आजचे दिमोना वसले 1955 साली. सोरोका रुग्णालय 1959 मध्ये बेर-शेव्यातच उघडले. विद्यापीठही 1969 मध्ये तेथेच आले. परिचारिका म्हणून माझा कौल मोठ्या नगरालाच असे; अडलेली बाळंतीण अखेर तेथेच आणावी लागे.

परंतु रात्रपाळीत निराळेच दिसे. दिमोनाच्या आजीबाईंसोबत चार शेजारणी येत, मराठीत धीर देत. बेर-शेव्यात आपली घरे विखुरलेली. तेथील आजीबाई पुष्कळदा एकट्याच. नातवंडांना मराठी येत नसे. त्यांचे दुखणे डॉक्टरांना मीच हिब्रूत सांगे. एलियाहू हन्नाबीचा नवस फिटला, की दिमोनाहून आलेला मलिदा त्यांच्याही खाटेपाशी पोहोचे.