गंगावन, वेणी आणि जट

आज आम्ही बोलणार आहोत गंगावनाबद्दल. आपल्या आज्या विंचरताना गळलेले स्वतःचेच केस साठवून त्याचं गंगावन करायच्या. रात्री ते सोडायचं, टोकाकडून विंचरायचं, शिकेकाईनं धुऊन सावलीत वाळवायचं, खोबरेल तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात ठेवायचं, असा नेम होता. त्यामुळं ते वर्षानुवर्षं टिकायचं. आता बाजारात नायलॉनचं मिळतं. ते तेल पीत नाही. तेल आपल्या डोक्याला लावावं.

हा नेम का? आपले रोज ५० ते १०० केस गळतात. वेणी महिनाभर सोडलीच नाही, तर ते आतच अडकतात. त्यावर घाम, तेल, धूळ बसून गाठ होते.

आपल्या भागात अशाच गाठीला देवीची जट म्हणत आणि त्यापायी कितीतरी मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात या प्रथेविरुद्ध कायदा केला. तरी जटेची भीती अजून गेलेली नाही. म्हणून आम्ही सांगतो, लेकीच्या केसांत गाठ दिसली तर घाबरू नका. तेल लावा, कंगवा घ्या. सुटलीच नाही तर कात्री आहेच. केस पुन्हा येतात.