बांधणीच्या साधनांची एकसूत्रता

एके काळीं आपल्या देशांत एका पेठेची पायली दुसऱ्या पेठेच्या पायलीशीं जुळत नसे. धान्य तेंच, माप मात्र निराळें. त्यामुळें परगांवच्या व्यापाऱ्याला प्रथम तेथील माप समजून घ्यावें लागे आणि मगच सौद्याची गोष्ट काढतां येई. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा झाला आणि दशमान पद्धति येऊन हा घोटाळा हळूहळू मिटला. परंतु ज्या क्षेत्रांत कायदा करणारें सरकारच नाहीं, जेथें काम करणारे लोक स्वेच्छेनें आणि पुष्कळदां विनावेतन राबतात, तेथें एकच माप कोणीं ठरवावें आणि तें इतरांनीं कां मानावें? मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाला हा प्रश्न प्रारंभापासून भेडसावीत आला आहे.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचतां, वापरतां, सुधारतां आणि इतरांना देतां येतो असें सॉफ्टवेअर. असा बहुतेक प्रत्येक प्रकल्प आपलें एक संकेतस्थळ राखतो. प्रकल्पाचा उपयोग काय, तो कसा उतरवून घ्यावा, दोष आढळल्यास कोणाला कळवावें, हें सर्व तेथें लिहिलेलें असतें. नवख्या माणसाच्या दृष्टीनें तेंच त्या घराचें दार होय. परंतु हीं पानें बहुधा जशींच्या तशीं लिहिलीं जात नाहींत. लेखक साधा मजकूर लिहितो. त्याला मथळे, अनुक्रमणिका, दुवे आणि सजावट जोडून वाचनीय पान सिद्ध करण्याचें काम एक प्रोग्रॅम करतो. हस्तलिखित आणि छापील पुस्तक यांच्यामध्यें छापखान्यांतील जुळाऱ्याचें जें स्थान, तेंच येथें या प्रोग्रॅमचें. त्यालाच बांधणीचें साधन म्हणतात.

या साधनांचा वंशवृक्ष 'मेक' नांवाच्या प्रोग्रॅमपर्यंत मागें जातो. १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं तो लिहिला. निमित्त क्षुल्लक होतें. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनीं आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधण्यांत एक संपूर्ण सकाळ घालविली. शेवटीं असें आढळलें कीं, चूक केव्हांच दुरुस्त झाली होती. दुरुस्त केलेला भाग पुन्हां बांधावयाचा तेवढा राहून गेला होता. कोणता भाग बदलला आणि त्यामुळें कोणते भाग नव्यानें बांधावे लागतील, हें माणसानें ध्यानांत ठेवण्याऐवजीं यंत्रानेंच ठेवावें, एवढीच मेकमागील कल्पना.

मेकला सूचना देणाऱ्या फाइलींत आज्ञेच्या ओळीचा आरंभ 'टॅब' या अदृश्य चिन्हानेंच व्हावा लागे. साध्या मोकळ्या जागा त्याला चालत नसत. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखींच दिसत. हा नियम गैरसोयीचा आहे हें फेल्डमन यांना लवकरच कळून आलें. परंतु तोंवर डझनभर लोक मेक वापरूं लागले होते, आणि त्यांची बसलेली घडी विसकटूं नये म्हणून त्यांनीं तो तसाच राहूं दिला. डझनभर माणसांच्या सोयीसाठीं राखलेला तो नियम पुढें असंख्य प्रोग्रॅमरांच्या वांट्याला आला आणि आजही मेकच्या फाइलींत सामान्यतः पाळावा लागतो. माप सोयीमुळें रूढ होतें, आणि एकदां रूढ झालें कीं त्यांतील दोषही त्याच्याबरोबर रूढ होऊन बसतात.

पुढील पिढीची कथा अपाची या संस्थेच्या इतिहासांत स्पष्ट दिसते. वेब सर्व्हरचा प्रोग्रॅम एकत्र येऊन सुधारणाऱ्या कांहीं मंडळींचा हा गट १९९५ सालीं जमला, आणि १९९९ मध्यें त्याला 'अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन' असें विधिवत् रूप मिळालें. जावा भाषेंतील प्रकल्पांसाठीं त्याच वर्षीं 'जकार्ता' ही शाखा निघाली. तींतील टॉमकॅट या प्रकल्पाची बांधणी करतांना जेम्स डंकन डेव्हिडसन यांना मेकच्या त्याच टॅबनें जेरीस आणलें. टॅबच्या आधीं चुकून एक मोकळी जागा पडली तरी आज्ञा चालत नसे, आणि कां चालत नाहीं हें पडद्यावर दिसत नसे. त्यांनीं 'अँट' नांवाचें नवें साधन रचलें. २००० सालीं तें स्वतंत्रपणें प्रसिद्ध झालें. अँटच्या आज्ञा एक्सएमएल या खुणांच्या भाषेंत लिहावयाच्या असत. टॅबचें दुखणें गेलें, पण पानेंच्या पानें एक्सएमएल लिहिण्याचें नवें दुखणें आलें. एक्सएमएलऐवजीं एखादी खरीखुरी प्रोग्रॅमिंगची भाषा वापरली असती तर बरें झालें असतें, असा अभिप्राय पुढें स्वतः डेव्हिडसन यांनींच दिला.

शिवाय अँटनें साधन एक दिलें तरी रीत एक दिली नाहीं. जकार्तामधील टर्बाइन या प्रकल्पाच्या पोटांत अनेक लहान प्रकल्प होते. सर्वांपाशीं अँटच होतें. परंतु प्रत्येकाची बांधणीची फाइल शेजाऱ्याच्या फाइलीहून थोडीशी वेगळी. एका प्रकल्पांत मुरलेल्या माणसालाही दुसऱ्याच्या उंबरठ्यावर पुन्हां अनोळखी व्हावें लागे. या अनुभवांतूनच जेसन व्हॅन झिल यांच्या पुढाकारानें 'मेव्हन' निर्माण झालें. यिडिश भाषेंतील या शब्दाचा अर्थ जाणकार असा आहे. मेव्हनची पहिली पूर्ण आवृत्ति २००४ सालीं निघाली. मूळ कोड कोठें ठेवावा, चाचण्या कोठें, संकेतस्थळाचा मजकूर कोठें, हें सर्व तिनें आधींच ठरवून टाकलें होतें. ही ठेवण जो पाळील त्याला फारसें कांहीं सांगावें लागत नसे. एका आज्ञेसरशीं प्रोग्रॅमही बांधला जाई आणि प्रकल्पाचें संकेतस्थळही.

ही सोय खरोखर मोठी होती. मेव्हन जाणणारा मनुष्य कोणत्याही मेव्हन-प्रकल्पांत शिरला कीं त्याला घरांतली मांडणी ठाऊक असे. परंतु अशा तऱ्हेनें बांधलेलीं संकेतस्थळें एका सांच्यांतून काढल्यासारखीं दिसूं लागलीं. प्रकल्प कोणत्या दुसऱ्या भागांवर अवलंबून आहे, त्यांत कोण सहभागी आहेत, याचे तक्ते यंत्रानें आपोआप भरून दिले. नवख्याला हवें असलेलें साधें विवेचन यंत्र लिहूं शकत नव्हतें, आणि तें लिहिण्याचें काम माणसांवरच राहिलें.

दुसरा प्रयोग 'फॉरेस्ट' या साधनाचा. अपाचीच्या एक्सएमएल शाखेंतील प्रकल्पांचीं संकेतस्थळें एकसारखीं व्हावींत या हेतूनें २००२ सालीं त्याचा आरंभ झाला. प्रचंड माहितीसाठ्यांवर काम करणाऱ्या हडूप या प्रकल्पानेंही आपल्या माहितीपानांसाठीं फॉरेस्टच स्वीकारलें. पुढें फॉरेस्टची वाढ मंदावली, जावा मात्र पुढें सरकत राहिली. परिणामीं अशी पाळी आली कीं, हडूपचा प्रोग्रॅम नव्या जावावर बांधावयाचा, आणि केवळ त्याचीं माहितीपानें बांधण्यासाठीं जुनी पांचवी जावा संगणकावर निराळी जपून ठेवावयाची. हडूपनें अखेर मेव्हनचा आश्रय केला आणि पुढें आपला मजकूर मार्कडाउन या साध्या लेखनपद्धतींत उतरविला. फॉरेस्टला अपाचीनें २०२० सालीं निवृत्त प्रकल्पांच्या माळ्यावर ठेवून दिलें.

तिसरा प्रयोग अधिक धाडसी होता. २०१० सालीं अपाचीनें आपल्या सर्व प्रकल्पांना उपलब्ध होईल अशी संकेतस्थळांची एक सामायिक व्यवस्था स्वतःच उभारली. मजकूर मार्कडाउनमध्यें लिहावा, ब्राउझरमधूनच दुरुस्त करावा, आणि बांधणी संस्थेच्या यंत्रांनीं करावी, अशी ही योजना. लेखकाला आपल्या संगणकावर एकही साधन बसवावें लागत नसे. अनेक प्रकल्पांनीं ती आनंदानें पत्करली. परंतु सामायिक विहिरीचा गाळ कोणीं काढावयाचा हा प्रश्न येथेंही उभा राहिला. व्यवस्था पुष्कळांची होती, तिचें अंतरंग मात्र थोड्यांनाच ठाऊक होतें. सुमारें एका दशकानंतर ती बंद करण्यांत आली, आणि तिच्यावर विसंबलेल्या प्रत्येक प्रकल्पाला आपलें बिऱ्हाड हलवावें लागलें. कोणी पेलिकन घेतलें, कोणी ह्यूगो, कोणी जेकिल.

या तीन प्रयोगांचें फलित म्हणजे अपाचीनें त्यानंतर अनुसरलेलें धोरण. कोणत्या साधनानें पानें बांधावींत हें संस्था सांगत नाहीं. तें प्रत्येक प्रकल्पानें ठरवावें. सिद्ध झालेलीं पानें कोठून उचलून प्रसिद्ध करावयाचीं, एवढें एका लहानशा ठराविक फाइलींत लिहिलें कीं पुरे. परवान्याचा दुवा, सुरक्षेची माहिती, देणगीदारांचे आभार, मूळ संस्थेकडे जाण्याचा मार्ग, या गोष्टी मात्र प्रत्येक संकेतस्थळावर असल्याच पाहिजेत. म्हणजे एकरूपतेचा आग्रह कारागिराच्या हत्यारांवरून निघून तयार मालाच्या कसोटीवर आला.

अपाचीच्या बाहेर जीं साधनें खरोखर दूरवर पसरलीं, त्यांचाही इतिहास या अनुभवाला पुष्टि देतो. पायथन भाषेचे माहितीग्रंथ दीर्घकाळ लाटेक् या गणिती मुद्रणाच्या पद्धतींत लिहिले जात. तें शिकलेला मनुष्य विरळा, म्हणून दुरुस्त्या पाठविणारेही विरळा. जॉर्ज ब्रँडल यांनीं तो सर्व मजकूर रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या सुबोध पद्धतींत आणला आणि त्याच्या बांधणीसाठीं 'स्फिंक्स' हें साधन रचलें. २००८ सालीं पायथनची २.६ ही आवृत्ति निघाली ती याच नव्या बांधणीसह. स्फिंक्स निर्माण झालें तें एका घराच्या गरजेपोटीं. इतर घरांनीं तें आपणहून उचललें, आणि २०१६ पासून लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पानेंही आपले माहितीग्रंथ त्याच्या स्वाधीन केले. कोणी फर्मान काढलें नव्हतें.

मार्कडाउनची कथाही अशीच बोलकी आहे. जॉन ग्रूबर यांनीं २००४ सालीं ती पद्धति प्रसिद्ध केली. साध्या पत्राप्रमाणें वाचतां येणारी असल्यामुळें ती झपाट्यानें पसरली. पण तिच्या मूळ वर्णनांत कित्येक बारकावे मोघम राहिले होते, म्हणून प्रत्येक साधन त्यांचा आपापला अर्थ लावूं लागलें. एकाच मजकुराचीं दोन साधनांत दोन रूपें होऊं लागलीं; पुन्हां प्रत्येक पेठेची पायली वेगळी झाली. तेव्हां २०१४ सालीं कांहीं जाणकारांनीं 'कॉमनमार्क' या नांवानें तिचे नियम काटेकोरपणें, उदाहरणांसह लिहून काढले. येथेंही नियम बांधले गेले ते लिपीचे. लेखणी कोणती वापरावी हें ज्याचें त्याच्यावर सोपविलें गेलें.

एकसूत्रता नको, असा याचा अर्थ नव्हे. ती नसेल तर प्रत्येक प्रकल्प आपापली चूल निराळी मांडतो, आणि त्या चुलीची मेख ठाऊक असलेला एकटा मनुष्य निघून गेला कीं संकेतस्थळ थिजून जातें. पानांवर चुका दिसत असतात, पण त्या दुरुस्त करण्याची हातोटी कोणापाशींच उरत नाहीं. स्वयंसेवकांच्या जगांत हा तोटा लहान नाहीं. कारण तेथें नवा कार्यकर्ता बहुधा एखाद्या पानावरील लहानशी चूक सुधारूनच आंत पाऊल टाकतो. तें पाऊल टाकण्याआधींच त्याला अनोळखी साधनांशीं दोन दिवस झुंजावें लागलें, तर तो माघारीं फिरतो, आणि प्रकल्पाला आपण काय गमावलें याचा पत्ताही लागत नाहीं.

प्रश्न एवढाच उरतो कीं, एकसूत्रता कोठें आणावी. मेक, अँट, मेव्हन आणि फॉरेस्ट यांतील प्रत्येक साधनाच्या भर उमेदीच्या काळांत हेंच आतां कायमचें, असें पुष्कळांना वाटलें होतें. त्यांतील कांहीं अजून कामावर आहेत, कांहीं माळ्यावर गेलीं आहेत. मजकूर साधा ठेवला, लेखनाचे नियम स्पष्ट लिहून काढले आणि बांधणीची कृति पुढच्या माणसाला वाचतां येईल अशी नोंदविली, तर साधन बदललें तरी हानि होत नाहीं. हडूपचीं पानें फॉरेस्टच्या पश्चात् टिकलीं, कारण कोणीतरी बसून तीं साध्या मजकुरांत उतरविण्याचे श्रम घेतले. असे श्रम ज्या प्रकल्पांत कोणीं घेतले नाहींत, तेथील लेखन त्याच्या साधनाबरोबरच वृद्ध झालें.