‘उघड’ आणि ‘प्रकट’

बायबलमधील अखेरच्या ग्रंथाला मराठीत ‘प्रकटीकरण’ म्हणतात. मूळ ग्रीक नाव ‘अपोकालुप्सिस’. त्यातील क्रियापदाचा धात्वर्थ झाकण दूर सारणे असा आहे. लॅटिन ‘रेव्हेलारे’ या क्रियापदातही ‘व्हेलुम’, म्हणजे पडदा, आहेच. या क्रियेला मराठीत नेमके जुळते ते ‘उघडणे’. मग ‘प्रकट’ का रूढ झाला?

आपल्या बोलण्यात चोरी उघडकीस येते, ढोंगी माणूस उघडा पडतो. देव मात्र प्रकट होतो. ‘उघड’ला लज्जेचा स्पर्श आहे, ‘प्रकट’ला तेजाचा. असली सूक्ष्म निवड शब्दकोश करून देत नाही. त्याला भाषेत वाढलेला माणूस लागतो. विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ साली मत्तयकृत शुभवर्तमान व १८११ साली नवा करार मराठीत छापला. त्याचा पंडित वैजनाथ हा नागपूरचा होता. आपल्या शहराला या नावाचा विसर पडावा, हे खेदजनक आहे.

इंग्रजीत ‘अपोकॅलिप्स’ म्हणजे विनाश, अशी समजूत झाली. मराठी वाचक त्यातून वाचला. परंतु ‘प्रकट’मध्ये पडदा सारणारा हात दिसत नाही, ही उणीव राहतेच. मत्तयच्या दहाव्या अध्यायात प्रभू झाकलेल्या गोष्टींविषयी बोलतो, तेथे ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे, आणि तेथे ‘उघड’च शोभतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रकटीकरणावर जे संविधान दिले, त्यात मात्र परमेश्वर केवळ गुपिते सांगत नाही, स्वतःलाच देतो. तेथे ‘प्रकट’ला पर्याय नाही.