शववाहिकेपासून वर्गखोलीपर्यंत

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या कितीतरी गावांत अपघातातल्या जखमीला न्यायला येणारी गाडी अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्याची असे. माणसाला आडवे निजवून नेता येईल एवढी लांब गाडी गावात त्याच्याकडेच असायची. १९६६ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातली सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा असे १२,००० व्यावसायिक चालवत होते, आणि १९६५ या एका वर्षात अपघातांनी १,०७,००० माणसे दगावली होती. गाडीवरच्या माणसाला काय यायला हवे, याचा देशभर लागू असा नियम तेव्हा नव्हता. आज तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत आपत्कालीन वैद्यकीय सेवा, विमानतळावरचे अग्निशमन आणि फ्रेंच भाषा यांसारखे विषय शेजारीशेजारी नांदतात. ही खिचडी आहे असे पहिल्या नजरेला वाटते. मला मात्र त्यात एक ऐतिहासिक निर्णय दिसतो: हातांनी करायचे, जिवाशी गाठ असलेले कामसुद्धा विद्या आहे, आणि ती शिकण्याचे दार सर्वांना उघडे हवे. रुग्णवाहिकेचे काम देशभर भरवशाचे होण्यात या निर्णयाचा वाटा फार मोठा आहे.

कम्युनिटी कॉलेज या संस्थेचा उगम वेगळ्याच गरजेतून झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना पदवीची पहिली दोन वर्षे विद्यापीठाबाहेर शिकवली जावीत असे वाटे. जोलिएट गावच्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या साथीने १९०१ साली सहा विद्यार्थ्यांवर तो प्रयोग सुरू झाला. म्हणजे भाषा आणि गणित हेच या घरातले जुने रहिवासी. कामधंद्याच्या शिक्षणाला मोठे पाठबळ मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली सामान्य शिक्षण आणि व्यवसायशिक्षण एकाच संस्थेत, घराजवळ आणि परवडेल अशा खर्चात मिळावे असा आग्रह धरला. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नावही त्याच अहवालाने रुळवले. १९६० च्या दशकात अशी चारशेहून अधिक सार्वजनिक महाविद्यालये निघाली. १९६६ चा अहवाल आला तेव्हा त्यावर अंमल करू शकणाऱ्या इमारती, संध्याकाळचे वर्ग आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा नुकत्याच उभ्या राहत होत्या.

यावर कोणी म्हणेल की श्रेय कायद्याचे आणि डॉक्टरांचे आहे. ते बरेचसे खरेही आहे. १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्याने केंद्राला मानके घालून देण्याचा अधिकार दिला, त्यातून रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांचा सुमारे ८० तासांचा अभ्यासक्रम तयार झाला, आणि लॉस एंजेलिसमध्ये १९६९ साली पॅरामेडिकांची पहिली तुकडी रुग्णालयातच शिकली. पण रुग्णालय एखादी तुकडी घडवते. कामे सोडून जाणाऱ्यांच्या जागी वर्षानुवर्षे, प्रत्येक जिल्ह्यात, दिवसा दुसरी नोकरी करणारी माणसे तयार करणे हे शिक्षणसंस्थेचे काम आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू करताना गाडीत डॉक्टरच बसवला. अमेरिकेने डॉक्टर नसलेल्याला शिकवण्याची वाट धरली, आणि त्या वाटेवर शाळेवाचून चालणारच नव्हते.

ही माणसे शिकू शकतात, हे आधी पिट्सबर्गने सिद्ध केले. तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवेची तयारी सुरू झाली. तोंडाने श्वास देऊन माणूस जगवण्याची पद्धत रूढ करणाऱ्यांपैकी एक, डॉ. पीटर सफर यांनी त्यांचा तीनशे तासांचा पाठ आखला. शिकणाऱ्यांपैकी अनेकांनी शाळाही पुरी केलेली नव्हती, काही तर कामालाच लायक नाहीत असे ठरवले गेलेले. आणि त्यांनीच तिथे त्या काळातली अव्वल दर्जाची सेवा दिली. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढून ही बंद केली. नव्या परीक्षा आणि अटींच्या चाळणीत त्यातले बरेच जण बाहेर फेकले गेले. हा अन्याय होता, आणि तो माझ्या मांडणीला अवघड प्रश्न विचारतो: प्रमाणपत्रे आली की गरीबच बाहेर पडणार का?

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच कम्युनिटी कॉलेजबद्दल असे निरीक्षण नोंदवले होते की ते सामान्यांच्या मोठ्या आकांक्षा हळूहळू थंड करते. पुढे १९८९ मध्ये स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी तोच मुद्दा आक्षेप म्हणून विस्ताराने मांडला. आक्षेपात तथ्य आहे. पण पिट्सबर्गमध्ये माणसे हरली ती शिकल्यामुळे नव्हे. त्यांचे शिक्षण मोजायला नकार देणाऱ्या अटींमुळे. शिकण्याची जागा सार्वजनिक आणि खुली असली तर अटीही बाहेरच्याला गाठता येतात.

विमानतळाकडे पाहिले तर हे आणखी उघड होते. १९७० च्या कायद्याने विमानतळांना प्रमाणपत्र देण्याचा अधिकार केंद्रीय यंत्रणेला दिला. त्याखालच्या नियमांनी पहिल्या बंबाला सर्वात दूरच्या धावपट्टीच्या मध्यापर्यंत पोहोचायला तीन मिनिटे दिली, दर बारा महिन्यांत खऱ्या आगीवरचा सराव सक्तीचा केला, आणि वाहतुकीच्या वेळी किमान ४० तासांचे वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस हाताशी हवा असे ठरवले. इंधनाची आग फेसाने झाकावी लागते, नुसत्या पाण्याने ती पसरू शकते. विमानाच्या सांगाड्याला पेटवून सराव करण्याचे मैदान लहान विमानतळाला परवडत नाही. म्हणून ते सामायिक असावे लागते. मिनेसोटातल्या डुलुथच्या लेक सुपीरियर कॉलेजने असे मैदान चालवले आहे.

उरली फ्रेंच. ती चैन आहे, असे पैशांची टंचाई आली की हमखास म्हटले जाते. वास्तविक या दोन्ही धंद्यांतले काही कळीचे शब्दच फ्रेंचमधून आले आहेत. ‘अँब्युलन्स’ आणि जखमींची प्रतवारी करणारा ‘ट्रियाज’ हे शब्द फ्रेंच. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याची धावती रुग्णवाहिका प्रसिद्धच आहे. ‘मेडे’ ही संकटाची हाक १९२३ च्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेंच ‘मेदे’, म्हणजे ‘मला मदत करा’, यावरून घडवली गेली, कारण तिथली पुष्कळ विमाने पॅरिसला जात. पण शब्दांच्या कुळापेक्षा माणसांचा दाखला वजनदार आहे. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीच चालेल असे ठरवले आणि घरी फ्रेंच बोलणारी मुले त्या भाषेपायी वर्गात शिक्षा भोगत राहिली. फ्रेंच जपण्यासाठी राज्याने १९६८ मध्ये परिषद स्थापली, तोवर ती मुले मोठी झाली होती. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी आधी लहानपणची भाषा येते. तिथे रुग्णवाहिका दाराशी आली आणि ‘कुठे दुखतंय?’ असे विचारले, तर उत्तर कोणत्या भाषेत येईल हे अभ्यासक्रम आखणाऱ्याला आधीच ठाऊक हवे.