गिअरबॉक्समधला देवमासा

अमेरिकेतल्या देशी विद्यार्थ्यांमध्ये जुन्या गाड्यांबद्दलची काही मतं सीनियरकडून ज्युनियरकडे वारशासारखी चालत येतात. त्यातलं सगळ्यात ठाम मत असं: जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल आजवर कुणी बदललं नसेल, तर आता तूही बदलू नकोस. बदललंस की आठवड्याभरात गिअरबॉक्स गेलाच म्हणून समज! पंधरा वर्षं जुन्या गाडीचा गिअरबॉक्स जाणं म्हणजे गाडीच जाणं, कारण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. त्यामुळे हा सल्ला सगळे निमूट पाळतात.

हा सल्ला पूर्ण चुकीचा नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. का, ते समजायला या लाल तेलाचा इतिहास बघायला हवा. तो निदान मला तरी गाडीपेक्षा जास्त रंजक वाटतो.

आधी एक खुलासा. भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून जे 'एएमटी' स्वस्त गाड्यांमध्ये रुळलं, त्यात नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो; फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यंत्राचा. इथे विषय आहे तो तेलावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकचा.

या पद्धतीचं मूळ गाडीत नाही, जहाजात आहे. हर्मन फ्योटिंगर नावाचा जर्मन इंजिनियर स्टेटिनच्या गोदीत काम करत होता. जहाजाचं टर्बाइन फार जोरात फिरतं आणि पंखा सावकाश फिरायला हवा, ही त्याची अडचण. १९०५ साली त्याने यावर पेटंट घेतलं. कल्पना अशी: दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. हवेच्या जागी द्रव घ्या, की झालं. दोन्हींत लोखंडाचा लोखंडाशी संबंधच नाही.

जनरल मोटर्सने ही कल्पना, ग्रहमालेसारखी फिरणारी दातेरी चक्रं आणि तेलाच्या दाबावर दाबले जाणारे क्लच एकत्र आणून 'हायड्रामॅटिक' बनवला. तो १९३९ मध्ये, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी बाजारात आला. पुढे युद्धात एम ५ स्टुअर्ट रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांच्या जोडीला दोन हायड्रामॅटिक बसवले गेले. थोडक्यात, खेळणं म्हणून हिणवण्यासारखं ते यंत्र नव्हतं.

पण त्यातल्या तेलाची दया येते. इंजिन ऑइलचं काम मुख्यतः वंगणाचं. इथे मात्र तेच तेल शक्ती पोचवतं, त्याच्याच दाबाने गिअर बदलतात, तेच उष्णता वाहून नेतं, आणि वर वंगणही तेच. सगळ्यात अवघड काम आणखी वेगळंच. आत क्लचच्या चकत्यांच्या थप्प्या असतात: एक पोलादाची, एक कागदासारखा थर चिकटवलेली. गिअर पडताना या चकत्या तेलात बुडालेल्या असतानाच एकमेकींना पकडतात. म्हणजे तेलाने दातांमध्ये घर्षण कमी करायचं आणि चकत्यांमध्ये ते पुरेसं राहू द्यायचं! शिवाय पकड बसण्याच्या शेवटच्या क्षणी घर्षण वाढलं तर गाडी धक्का खाते, थरथरते. तेव्हा त्या क्षणी ते किंचित उतरायला हवं. साध्या खनिज तेलाला हे जमत नाही.

१९४९ साली जनरल मोटर्सने 'टाइप ए' नावाचं प्रमाण ठरवलं. शिकागोच्या आर्मर संशोधन संस्थेत चाचणीला उतरलेल्या तेलाला क्रमांक मिळायचा आणि तो डब्यावर छापला जायचा. गळती नेमकी कुठची ते ओळखता यावं म्हणून या तेलात लाल रंग घालतात. आणि घर्षण मनासारखं वागावं म्हणून त्यात घालत असत स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल.

रसायनाच्या दृष्टीने ते तेल नव्हेच, ते द्रवरूप मेण. त्याच्या लांबलचक रेणूंचा एक भाग धातूला चिकटून राहतो आणि बाकीची शेपूट मोकळी राहते, त्यामुळे पृष्ठभागावर गालिच्यासारखा पातळ थर बसतो. उष्णतेला आणि दाबाला तो चांगला टिकतो. १९५७ चं सुधारित 'टाइप ए', १९६७ चं पहिलं 'डेक्सरॉन', सगळ्यांत हा देवमासा होता. अमेरिकन उपनगरातला माणूस विनाधक्का ऑफिसला पोचत होता तो याच्या जोरावर.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला नष्ट होऊ घातलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. कॅलिफोर्नियात रिचमंडला असलेलं देशातलं शेवटचं देवमासे पकडणारं केंद्र १९७१ मध्ये बंद पडलं. देवमाशाच्या दृष्टीने उशीरच झाला होता, पण रसायनतज्ज्ञांची धांदल उडाली. 'डेक्सरॉन २' आलं ते देवमाशाशिवाय. त्याच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीतल्या गंजरोधकाने तेल थंड करणाऱ्या कूलरचे जोडच खायला सुरुवात केली. हा कूलर रेडिएटरच्या पोटात असतो. जोड फुटला की रेडिएटरचं पाणी गिअरबॉक्समध्ये. तिथे जे गुलाबी, दुधाळ मिश्रण तयार होतं त्याला इथले मेकॅनिक स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात. चकत्यांवरचा थर ज्या गोंदाने चिकटवलेला असतो तो या मिश्रणात सुटतो. तेल पुन्हा सुधारावं लागलं. पर्याय शोधताना होहोबा नावाच्या वाळवंटी झुडपाकडेही लक्ष गेलं, कारण त्याच्या बियांतही तसंच द्रवरूप मेण असतं. (शँपूच्या जाहिरातीत जो 'जोजोबा' भेटतो, तोच हा.)

फोर्डचा सगळा कारभार उलटा. त्यांच्या १९६७ च्या 'टाइप एफ' तेलात घर्षण उतरवणारं द्रव्यच नाही. पकड शेवटी घट्ट होते, धक्का बसला तर बसला. दोन्ही तेलं लाल, वासही जवळपास सारखा. पण जीएमचं तेल तशा फोर्डमध्ये घाला, क्लच घसरतील.

म्हणून माझं मत असं की या तेलाला गिअरबॉक्सचा सुटा भाग समजावं. तुमच्या गाडीच्या चकत्या कोणत्या तेलासाठी बनल्या हे पुस्तिकेत किंवा डिपस्टिकवर लिहिलेलं असतं, आणि 'सर्व गाड्यांना चालणारं' असं लिहिलेल्या बाटलीवर माझा विश्वास नाही. 'डेक्सरॉन ३' चे परवाने जीएमने २००६ अखेर संपवले. त्या नावाशी जुळणारं काहीबाही आजही विकलं जातं, पण त्यामागे जीएमची तपासणी नाही. त्याच्या जागी २००५ मध्ये आलेलं 'डेक्सरॉन ६' चालतं. मात्र फोर्डच्या टाइप एफला किंवा होंडा, क्रायस्लरच्या स्वतंत्र तेलांना ते पर्याय नव्हे.

आता त्या वारशाने आलेल्या सल्ल्याकडे. तेल बदलल्यावर गिअरबॉक्स मेल्याच्या गोष्टी खऱ्या असतात. पण लोक तेल बदलायला जातात कधी? गिअर घसरायला लागल्यावर, तेल काळं पडून जळका वास आल्यावर. तोपर्यंत चकत्यांवरचा थर झिजून गेलेला असतो आणि तो कुठल्याच बाटलीत मिळत नाही. रोगी शेवटच्या दिवशी ज्या डॉक्टरकडे गेला त्याचं नाव खराब, तसला प्रकार. गाडी घसरत असेल तर तेलावर पैसे घालू नयेत. गाडी नीट चालत असेल आणि तेल नुसतं तपकिरी असेल, तर मात्र बदलावं, आणि तेही दाबाने धुऊन काढणाऱ्या यंत्राने नको, नुसतं खाली सोडून.

खाली सोडल्यावर सगळं तेल येत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. दर वेळी ४० टक्के बदललं असं धरलं तर तीन वेळांनंतर जुनं उरतं सुमारे २२ टक्के. मध्ये काही आठवडे गाडी चालवून तीनदा करावं, बास. गाडी सपाट जागी, जॅकवर नाही तर स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. तेल कोमट असावं, कढत नको. अनेक गाड्यांना खाली बूचच नसतं, सगळं तबकच उतरवावं लागतं. एका बाजूचे बोल्ट आधी सैल केले की ते तिरकं होतं आणि तेल अंगावर न येता भांड्यात जातं. तबकातल्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती वयाची खूण. धातूचे तुकडे असतील तर समजून घ्यावं. फिल्टर बदलावा, जेवढं निघालं तेवढं मोजून भरावं, ब्रेक दाबून सगळ्या गिअरमधून दांडा फिरवावा आणि मग पातळी बघावी. बहुतेक गाड्यांत ती गरम इंजिन चालू ठेवून बघतात, होंडात इंजिन बंद करून.

अलीकडच्या अनेक गाड्यांना तर डिपस्टिकच नसते आणि तेल 'आयुष्यभरासाठी' असल्याचं पुस्तिका सांगते. कुणाच्या आयुष्यभरासाठी, ते सांगत नाही. यातले कितीतरी गिअरबॉक्स जर्मनीची झेडएफ कंपनी बनवते, आणि ती मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर तेल बदला असं म्हणते.