सावित्री खोऱ्यातील पूर व मार्ग

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील महाड शहराचा इतिहास सावित्री नदी आणि तिच्या काठाने जाणारे मार्ग यांच्याशी निगडित आहे. घाट व बंदर यांना सांधणाऱ्या स्थानामुळे महाडची भरभराट झाली. तथापि याच स्थानामुळे महापुरात शहराचा बाहेरील प्रदेशाशी संपर्क तुटतो.

सावित्री महाबळेश्वर येथे उगम पावते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून उतरून ती पोलादपूर व महाड यांवरून वाहत जाते आणि हरिहरेश्वरच्या दक्षिणेस बाणकोटच्या खाडीद्वारे अरबी समुद्रास मिळते. महाड परिसरात तिला गांधारी व काळ या नद्या मिळतात. उगमाचा प्रदेश अतिपर्जन्याचा व उतार तीव्र असल्यामुळे घाटमाथ्यावरील पाणी थोड्याच वेळात सखल भागात येते. भरतीचा प्रभाव नदीच्या खालच्या टप्प्यात महाडपर्यंत जाणवतो. अतिवृष्टी व भरती यांची वेळ एक झाल्यास पाण्याचा निचरा मंदावून ते बाजारपेठेत शिरते. गाळामुळे पात्र उथळ झाल्याने हा धोका वाढला आहे. दासगाव परिसरातील कोकण रेल्वेचा भरावही प्रवाहास अडथळा ठरतो, असा स्थानिक नागरिकांचा आक्षेप आहे.

महाडजवळील गांधारपाले व कोल येथील बौद्ध लेणी या भागातील प्राचीन वसतीची साक्ष देतात. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झालेला रायगड किल्लाही येथून जवळच आहे. देशावरील माल वरंध व पार या घाटांतून बैलांवर लादून खाली येई. मोठी गलबते खाडीत खालच्या बाजूस थांबत, तर लहान होड्या भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत येत. पुढे पक्क्या सडका झाल्यावर जलमार्गाचे महत्त्व घटले. मुंबई–गोवा महामार्ग, भोरकडे जाणारा वरंध घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट हे येथील प्रमुख मार्ग बनले. हे सर्व मार्ग नदीपात्रे ओलांडून अथवा डोंगरउतार कापून गेलेले असल्याने पूर आणि दरडी या दोहोंचाही त्यांना उपद्रव पोहोचतो.

जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड जलमय झाले. त्याच वेळी दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून शंभराहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. महाड–पोलादपूर दरम्यान सावित्रीवर ब्रिटिश अमदानीत, १९२८ मध्ये, बांधलेला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. वाहतूक थांबविली जाण्यापूर्वीच राज्य परिवहनाच्या दोन बस व अन्य वाहने प्रवाहात पडली आणि सुमारे चाळीस लोक मृत वा बेपत्ता झाले. शेजारचा नवा पूल मात्र शाबूत राहिला. कोसळलेल्या पुलाच्या जागी बांधलेला पूल ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. या दुर्घटनेमुळे राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न प्रकर्षाने पुढे आला.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पुन्हा पाण्याखाली गेले. त्याच सुमारास महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिमी. पाऊस झाल्याची नोंद आहे. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक दगावले. पाणी व दरडी यांमुळे रस्ते बंद असल्याने बचावपथकांना दुसऱ्या दिवसापर्यंत तेथे पोहोचता आले नाही. वरंध व आंबेनळी या दोन्ही घाटांतील वाहतूकही खंडित झाली होती.

यानंतर सावित्रीच्या पात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यामुळे पुराची पातळी काही अंशी घटू शकते. परंतु घाटमाथ्यावरील पाऊस व समुद्राची भरती यांवर मानवी नियंत्रण नाही. म्हणूनच पाणी चढण्यापूर्वी मार्ग बंद करण्याची व्यवस्था, पुलांची नियमित पाहणी आणि दुर्गम वाड्यांना पर्यायी रस्ते हे उपाय गाळ काढण्याइतकेच महत्त्वाचे ठरतात. २०१६ व २०२१ च्या दोन्ही दुर्घटनांत मार्गाची स्थिती हीच जीवितरक्षणाच्या दृष्टीने निर्णायक बाब होती.